पिस्तूल दिसलं की भांडण मिटतं

आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा म्हणजे वर्षातून एकदा होणारा फड. स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधल्या, गाड्या बाहेर काढायच्या, मंडपवाल्याकडून लाल प्लास्टिकच्या साठ खुर्च्या आणायच्या, एक उभा पंखा, एक खरखरणारा माईक, आणि शेवटी वडापाव-चहा. भांडुपमधली अठ्ठेचाळीस फ्लॅटची इमारत. विषयपत्रिकेवर काहीही छापलेलं असो, भांडण पाणी, गळती आणि पार्किंग यांवरूनच होतं. दुसऱ्या मजल्यावर एक वहिनी राहतात. वय साठीच्या पुढे, अख्खी इमारत त्यांना वहिनीच म्हणते. टाकी साफ करण्याच्या बिलावरून त्या दरवर्षी खजिनदाराला सोलून काढतात. खजिनदारही त्या तयारीनेच येतो, पावत्यांची फाईल मांडीवर घेऊन.

दोन वर्षांपूर्वीच्या सभेला वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ आले. बांधकामाच्या धंद्यातले, राजकारण्यांत ऊठबस असलेले. बरोबर सफारीतला एक माणूस. तो खांबाला टेकून उभा राहिला, कुणाशी एक शब्द बोलला नाही. मागच्या खिशातून मोबाइल काढताना त्याचा शर्ट वर गेला आणि कमरेच्या काळ्या होल्स्टरमधलं पिस्तूल पुढच्या दोन रांगांना दिसलं. शर्ट खाली यायला हवा होता त्याहून थोडा जास्त वेळ लागला. झालं ते एवढंच.

विषय क्रमांक पाच होता, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी ठेवलेल्या दोन जागा त्या गृहस्थांना महिन्याच्या भाड्याने देण्याचा. एरवी या विषयावर रात्रीचे साडेअकरा वाजले असते. वहिनींनी पर्स उघडली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत पर्समध्ये ठेवून दिला. सेक्रेटरीने विचारलं, कुणाची हरकत? पंखा फिरत होता. इतिवृत्तात नोंद झाली, ‘ठराव एकमताने मंजूर.’ आमच्या सोसायटीत वार्षिक हिशेबसुद्धा कधी एकमताने मंजूर झालेले नाहीत.

त्या माणसाने धमकी दिली नव्हती. पिस्तूल बाहेर काढलं नव्हतं. परवाना बहुधा होताच, आणि त्याच्या मालकाला खरोखर कुणापासून धोका असेल तर तोही मी नाकारत नाही. पिस्तुलाबद्दल बोलताना आपण नेहमी गोळीबद्दल बोलतो. कुणाला लागली, किती झाडल्या, पुंगळ्या किती सापडल्या. मला बोलायचंय ते न झाडलेल्या, फक्त दिसलेल्या पिस्तुलाबद्दल. कारण या शहरात शेजारधर्म वगैरे जे काही शिल्लक आहे ते प्रेमावर टिकलेलं नाही. ते बिनधास्त भांडता येण्यावर टिकलेलं आहे, आणि दिसणारं पिस्तूल नेमकं तेच काढून घेतं.

हे जरा उलटं वाटेल. पण मुंबईत वाढलेल्याने आठवून बघावं. चाळीत नळावर भांडण, गॅलरीत वाळत घातलेल्या ओल्या चादरीवरून भांडण, खालच्या मजल्यावर पडलेल्या कुंडीच्या पाण्यावरून भांडण. लोकलमध्ये चौथ्या सीटवरून, दारात उभं राहण्यावरून, ‘दादरला उतरायचं नव्हतं तर पुढे कशाला आलात’ यावरून. या भांडणांना एक शिस्त असते. आवाज किती चढवायचा, आईबापापर्यंत कधी जायचं, कुणी मध्ये पडल्यावर कुणी आधी गप्प बसायचं, हे कुणी शिकवत नाही पण सगळ्यांना येतं. आणि सोमवारी जिच्याशी तावातावाने भांडलो तिच्याचकडे शुक्रवारी घराची चावी देऊन गावी जायचं, हे फक्त इथेच चालतं. दहा बाय बाराच्या खोलीत आणि बाराशे मिलिमीटरच्या जिन्यात माणसं एकमेकांना सहन करतात, कारण सहन होईनासं झालं की ते बोलून दाखवता येतं. समोरचा काय करील याचा साधारण अंदाज असतो. फार तर ओरडेल, फार तर दोन दिवस तोंड फिरवील.

एका बाजूच्या कमरेला पिस्तूल आलं की हा अंदाज संपतो. मग माणूस भांडत नाही, हिशेब करतो. तो हिशेब नेहमी एकाच उत्तराला येतो. जाऊ दे.

आमच्याकडे त्या सभेनंतर बारीकसारीक गोष्टी बदलल्या. सफारीवाला लिफ्टसमोर उभा असला की लोक जिन्याने जायला लागले किंवा उगाचच पत्रपेटी उघडून बघायला लागले. मुलांनी स्टिल्टमध्ये क्रिकेट खेळणं कुणी बंद केलं नाही, ते आपोआप गेटबाहेर गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत चालणारी जुगलबंदी ‘सुप्रभात’च्या फुलांवर आली. बाहेरच्या कुणाला आमची सोसायटी अचानक फार गुण्यागोविंदाने नांदतेय असं वाटलं असतं.

बंदुका मुंबईला नवीन नाहीत, उघड्या बंदुकाही नाहीत. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेला म्हातारा रखवालदार आठवतो? बारा बोअरची दुनळी भिंतीला टेकवलेली, हातात पेपर. निवृत्त फौजी असायचा बहुतेक. आम्ही शाळकरी पोरं त्याला काका म्हणायचो आणि बंदुकीत खरंच गोळ्या आहेत का असं विचारायचो. त्याची बंदूक उघडी होती तरी कुणाला तिची भीती नव्हती, कारण तिचं काम ठरलेलं होतं, ती बँकेची होती, आणि त्याचं माझ्याशी वैयक्तिक काही देणंघेणं नव्हतं. एटीएमसमोर पैशाची गाडी थांबते तेव्हा गार्ड बंदूक धरून उभा राहतो, आपण दोन पावलं बाजूला होतो, गाडी गेली की विसरतो. 2008 च्या नोव्हेंबरनंतर सीएसएमटीवर वाळूच्या पोत्यांमागे पोलीस दिसायला लागले, त्यांचीही सवय झाली. गणवेश आणि नेमून दिलेलं काम असलं की बंदूक माणसाच्या रागालोभापासून सुटी होते, असं आपण धरून चालतो. 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या रायफलीने त्याच्याच वरिष्ठासह चार जणांचा बळी गेला. त्यानंतर कित्येक दिवस डब्यात गणवेशवाला चढला की प्रवासी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. गणवेशावरचा भरवसासुद्धा एवढा पातळ असेल, तर सफारीवरचा किती असावा?

कायद्याचं म्हणाल तर तो या बाबतीत बऱ्यापैकी शहाणा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. मुंबईसारख्या शहरांत तो पोलीस आयुक्तालयातून मिळतो, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून. 2016 च्या शस्त्र नियमांत सांगितलंय की सार्वजनिक जागी हत्यार न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. ते परजायला, नाचवायला बंदी आहे, परवाना जाऊ शकतो. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि लग्नावरातीत हौसेने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे भारतात उघडं हत्यार मिरवण्याचा हक्क कुणालाच नाही. (सोसायटीचं स्टिल्ट ही सार्वजनिक जागा की खाजगी, यावर दोन वकील दोन तास आनंदाने घालवतील, ते त्यांच्यावर सोडतो.) घोडं अडतं ते शर्ट किती वेळ वर राहिला याची नोंद ठेवणार कोण, इथे.

मी एकदा चौकीवर जाऊन विचारलंसुद्धा. हवालदार वयस्क होते, चांगले बोलले. चहा पाजला.

“रोखली का तुमच्यावर?”

“नाही.”

“काढली?”

“नाही. दिसली.”

“दिसली,” त्यांनी शब्द चघळला. “काका, तक्रार द्यायची तर देऊ शकता. नाव, पत्ता, फ्लॅट नंबर लिहावा लागेल. समोरच्याला कळणारच. बघा विचार करून.”

मी विचार करून घरी आलो.

अमेरिकेत उघड्या बंदुकीचं कौतुक करणारे लोक नेमकं उलटं सांगतात. तिथे बहुतेक राज्यांत कमरेला पिस्तूल लावून किराणा आणायला जाणं कायदेशीर आहे. टेक्सासात 2021 पासून पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. त्यांचा युक्तिवाद असा की लपवतो तो चोर, दाखवतो तो सरळमार्गी; आणि लोकांना रोज दिसत गेलं की भीती मोडते, बंदूक छत्रीसारखी होते. ऐकायला ठीक आहे. पण कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात 2015 च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सकाळी एका बाईने पोलिसांना फोन केला की एक माणूस रायफल घेऊन फिरतोय. तिला सांगण्यात आलं की आपल्या राज्यात उघड हत्यार नेणं कायदेशीर आहे. थोड्याच वेळात त्या माणसाने तीन जणांना ठार मारलं. त्या बाईने शेजारणीने करायला हवं ते सगळं केलं होतं. तिला जे दिसलं त्याला धोका म्हणण्याची सोयच कायद्याने ठेवली नव्हती. बंदूक छत्रीसारखी झाली की हे होतं. साधी छत्री कुठली आणि भरलेली बंदूक कुठली, ते पाऊस पडल्यावरच कळतं.

तिथल्या दुकानदारांनाही हे कळून चुकलं. 2019 साली एल पासोमधल्या वॉलमार्टमध्ये गोळीबार होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर वॉलमार्टने गिऱ्हाइकांना विनंती केली की कायद्याने परवानगी असली तरी दुकानात बंदूक उघडी घेऊन येऊ नका. स्वतः बंदुका विकणाऱ्या दुकानाने ही विनंती करावी, यात बरंच काही आलं.

आणि तिथली आणखी एक हकीकत मला जास्त बोलकी वाटते. 1967 पर्यंत कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड घेऊन फिरता यायचं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मग ब्लॅक पँथर संघटनेचे कृष्णवर्णीय तरुण बंदुका खांद्याला लावून ओकलंडमध्ये पोलिसांच्या गाड्यांमागे फिरायला लागले, मे महिन्यात तर थेट विधानभवनात शिरले. त्याच वर्षी मलफर्ड कायदा आला, उघड भरली बंदूक नेणं बंद झालं, आणि सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. लोहाचा रंग तोच होता. धरणारा हात बदलल्याबरोबर लोकांना ती दिसायला लागली.

हे इथे लावून पाहा. आमच्या वरच्या गृहस्थांच्या सफारीवाल्याऐवजी मागच्या झोपडपट्टीतला एखादा पोरगा कमरेला तसंच पिस्तूल, तसाच परवाना घेऊन सभेला आला असता, तर खुर्च्या पालथ्या पडल्या असत्या आणि पाच मिनिटांत पोलिसांची गाडी गेटवर असती. त्याचं आडनाव अमुक असतं तर रात्रीच्या बातम्यांत आमची इमारत दिसली असती. आपण बंदुकीला घाबरतो की घेणाऱ्याला, हे आपलं आपल्यालाच धड माहीत नाही. पैसा आणि ओळखी असलेल्याच्या कमरेला ती दिसली की आपण तिला ‘सिक्युरिटी’ म्हणतो. शस्त्र परवाने व्यवहारात कुणाकडे असतात हे बघा. बिल्डर, पुढारी, सराफ, सिनेमावाले, माजी सैनिक. धोका फक्त या लोकांनाच असतो असं नाही. धोका आहे हे पोलिसांना पटवून देण्याची ऐपत यांच्याकडे असते. रात्री साडेबाराच्या कर्जत लोकलमधून एकटी उतरणारी नर्स परवान्याच्या रांगेत मला कधी दिसलेली नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत गेले, आणि आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, ‘कामाला’ लागला. कसल्या कामाला ते सगळ्यांना माहीत होतं. त्याच्याकडे घोडा आहे हेही माहीत होतं. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हा शब्द तेव्हा पेपरातच यायचा. बोलताना घोडा, नाहीतर नुसतं ‘सामान’. मी तो घोडा सबंध बालपणात एकदाही पाहिला नाही. चाळीत शिरताना तो शर्ट बाहेर काढून, मान खाली घालून यायचा. आमच्या आजीने एकदा त्याला संडासाबाहेर बादली ठेवल्याबद्दल चांगलं झापलं होतं आणि तो ‘चुकलं आजी’ म्हणून बादली उचलून गेला होता. या आठवणीने मी हळवा होतो आणि लगेच स्वतःला आवरतो. त्याने बाहेर ज्यांचं काय केलं त्यांच्या घरच्यांना त्याच्या खाली घातलेल्या मानेचं काय कौतुक असणार? पुढे एका गल्लीच्या तोंडाशी त्याला मारलं, तेव्हा आजी दोन दिवस जेवली नाही, हेही खरं आणि ते वेगळं.

सांगायचं ते असं की चाळीला घाबरवायचं नाही एवढी समज तेव्हाच्या गुंडालाही होती. घोडा बाहेरच्यांसाठी, चाळीत लाज. आता दाखवणं हेच त्याचं काम झालंय. गल्लीतल्या भाईचा वाढदिवस म्हणजे बोनेटवर ओळीने पाच केक, तलवारीने कापायचे, रील टाकायचं. पोलीस शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात, दुसऱ्या दिवशी माफीचं रील येतं आणि त्याला आधीच्यापेक्षा जास्त बघे मिळतात. 2024 च्या जुलैत मुळशीच्या एका शेतातला व्हिडिओ राज्यभर फिरला, त्यात एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याची आई हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांशी जमिनीवरून बोलत होती. ‘बोलत होती’ हे फार सौम्य झालं. त्याच वर्षाअखेरीला मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीडमधले पिस्तुलं परजणारे, हवेत बार काढणारे फोटो-व्हिडिओ एकामागून एक बाहेर आले, एका जिल्ह्यात हजारावर शस्त्र परवाने असल्याचं कळलं, आणि मग प्रशासनाने धडाधड परवाने रद्द करायला घेतले. हे फोटो कुणी चोरून काढलेले नव्हते. मालकांनीच हौसेने काढून टाकले होते. म्हणजे गावाने ते आधीच पाहिले होते, आणि गावाने जो अर्थ घ्यायचा तो घेतला होता.

मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात 2008 साली प्रशासनाने एक योजना काढली होती, नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची. चंबळच्या बाजूचा मुलूख तो, तिकडे खांद्यावर बंदूक नसेल तर लग्नाच्या पंगतीत पुढचं पान मिळत नाही म्हणतात. एक मर्दानगी घेतो, दुसरी देतो, असा सरळ सौदा. हसू येतं, पण त्या अधिकाऱ्याला बंदूक कशासाठी हवी असते हे बरोबर कळलं होतं. चोर-दरोडेखोराचा त्यात फारसा संबंध नव्हता.

एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. योगायोगाने तोही 1967 चाच, बर्कोविट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा. चिडवलेल्या विद्यार्थ्यांना समोरच्याला विजेचे हलके झटके देण्याची मुभा होती. टेबलावर बंदुका ठेवलेल्या असल्या की ते जास्त झटके द्यायचे, बॅडमिंटनच्या रॅकेट ठेवल्या की कमी. पुढे काहींना तसाच निकाल मिळाला, काहींना मिळाला नाही, म्हणून त्याच्यावर मी फार भार टाकत नाही. शिवाय त्यात बंदूक बघणारा चिडलेला आहे. मला चिंता न चिडलेल्याची आहे, त्या सभेत चष्मा पुसणाऱ्याची.

आता दुसरी बाजू. ती कच्ची नाही.

इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने अख्खा देश निःशस्त्र केला आणि गोऱ्यांना मात्र मोकळं ठेवलं. गांधीजींसारख्या माणसाने 1918 च्या सैन्यभरतीच्या पत्रकात लिहिलं की ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत इतिहास या कायद्याला सर्वांत काळं मानेल. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत होता, नियमांच्या अधीन राहून का होईना. घटना समितीत 1948 च्या डिसेंबरात ह. वि. कामतांनी तशी दुरुस्ती मांडली होती, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती बारगळली. या परंपरेचा हवाला देणाऱ्यांना मी खोडून काढणार नाही. पण तो हक्क मागितला गेला होता परक्या सत्तेसमोर मान ताठ ठेवायला. भांडुपच्या स्टिल्टमध्ये गाडीच्या दोन जागा मिळवायला कराचीचा ठराव झाला नव्हता.

दुसरं म्हणणं, 26/11 ला सीएसएमटीच्या हॉलमध्ये दहा प्रवाशांकडे पिस्तुलं असती तर? तो प्रश्न मलाही छळतो. पण त्या गर्दीत, त्या गोंधळात धावत आलेल्या पोलिसाने हातात हत्यार असलेल्या अकरा-बारा जणांतला कसाब कुठला हे कसं ओळखायचं? आपण सगळ्यांनी तो फोटो पाहिलाय. पाठीवर बॅग, हातात रायफल, चेहरा कुठल्याही कॉलेजच्या पोराचा.

तिसरं, आणि यात मला सर्वांत जास्त तथ्य वाटतं, की खरोखर धोका असलेल्या माणसाने करायचं काय? मुलुंडचा माझा एक सराफ मित्र आहे. त्याच्याकडे बारा वर्षं .32 रिव्हॉल्व्हर आहे, निवडणुका लागल्या की पोलीस ठाण्यात जमा करतो, संपल्या की आणतो. मला हे कळलं मागच्या विधानसभेच्या वेळी, जमा केल्याची पावती त्याच्या काउंटरवर पडली होती तेव्हा. बारा वर्षं आम्ही आठवड्याला भेटतोय. मी म्हटलं, अरे कधी दिसली नाही. तो म्हणाला, “दाखवायची वस्तू आहे का ती? दाखवली तर चोर आधी तीच काढून घेईल. आणि गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवणार नाही.” धंदेवाईक माणसाचं उत्तर आहे, पण ज्याला खरी गरज आहे तो हत्यार कसं बाळगतो ते त्यात आहे. दाखवणाऱ्याची गरज वेगळी असते.

अर्थात झाकलेली बंदूकही निर्धोक नसते. 2024 च्या ऑक्टोबरात गोविंदाच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी जुहूच्या घरात त्याच्याच पायाला लागली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीची सुरुवात तर आठवतच असेल. 2 तारखेला उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, जमिनीच्या वादावरून आलेल्या आमदाराने दुसऱ्या पक्षाच्या नेत्यावर गोळ्या झाडल्या, सीसीटीव्हीत दिसलं. सहा दिवसांनी बोरिवली-दहिसर भागात एका माजी नगरसेवकाला फेसबुक लाइव्ह चालू असताना मारलं. मारणारा त्याच्या शेजारी बसून नुकताच दिलजमाईबद्दल बोलला होता, आणि हत्यार होतं मारणाऱ्याच्याच अंगरक्षकाचं, परवान्याचं. या दोन्ही ठिकाणी भांडण जुनं होतं, माणसं एकमेकांना ओळखत होती. परवाना देणाऱ्याने अर्जदाराला कुणापासून धोका आहे हे तपासलं असेल. अर्जदारापासून कुणाला धोका आहे हे कुणी विचारलं होतं?

मला करायला हवं ते इथेच दिसतं, आणि ते फार मोठं नाही. परवान्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं तेव्हा पोलीस गुन्हे आहेत का ते बघतात. त्यांनी चार शेजाऱ्यांना विचारावं, नाव न लिहिता, अर्जदार हत्यार दाखवतो का म्हणून. खाजगी अंगरक्षकाचं हत्यार कुठल्या राज्याच्या परवान्यावरचं आहे, कुणाच्या सोबत आणि कुठल्या पत्त्यावर रोज वावरतं, याची नोंद त्या त्या पोलीस ठाण्यात असावी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला ती मागता यावी. रील टाकलं की गुन्ह्याचा निकाल लागायची वाट न बघता परवाना तपासायला घ्यावा. नियमात त्याला जागा आहे. आणि ‘दिसली’ ही तक्रार घेता येईल अशी एखादी वही चौकीत असावी, जिच्यात तक्रारदाराचा फ्लॅट नंबर लागत नाही.

गेल्या महिन्यात मी एवढंच एका पानावर लिहिलं, पोलीस आयुक्तांच्या नावाने अर्ज केला आणि सह्यांसाठी इमारतभर फिरलो. गृहस्थांचं नाव कुठेही लिहिलं नव्हतं. आठ दिवसांत पाच सह्या झाल्या, त्यातल्या दोन भाडेकरूंच्या, जे पुढच्या महिन्यात जाणार आहेत. खजिनदार म्हणाला, मी कमिटीवर आहे, मला अडचण होईल. एकाने अर्ज वाचून भाषा फार छान आहे म्हणून सांगितलं आणि परत केला. 

वहिनींनी दारातच चष्मा लावून दोनदा वाचला. एका ठिकाणी माझी वेलांटी चुकली होती ती दाखवली. मग पेन मागितलं, सही केली, शाई वाळायला फुंकर मारली आणि कागद माझ्या हातात देता देता परत ओढून घेतला.

“सही राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण तो फ्लॅट नंबरचा रकाना आहे ना, तो माझ्यापुढे रिकामा ठेवा.”